केंटकीतील अश्वपैदास केंद्रांची सफर : पर्यटकांचा अनुभव आणि स्मृतीचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेच्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टन शहराभोवती पसरलेला प्रदेश 'ब्लूग्रास' या नावाने ओळखला जातो. येथील भूस्तर चुनखडीचा आहे. त्यामुळे गवतात व पाण्यात कॅल्शियम उतरते आणि त्यावर वाढलेल्या शिंगरांची हाडे मजबूत होतात, अशी येथील अश्वपालकांची पूर्वापार धारणा आहे. शर्यतीसाठी जोपासलेल्या 'थरोब्रेड' जातीच्या घोड्यांची पैदास हा या प्रदेशाचा नावाजलेला व्यवसाय होय. इंग्लंडमध्ये आणलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन हे तीन घोडे या जातीचे मूळ पुरुष मानले जातात. जगभरातील थरोब्रेड घोड्यांची पितृवंशावळ यांपैकी एकापर्यंत जाऊन पोहोचते.

या पैदास केंद्रांना भेट देणे आणि वाटाड्याच्या सोबतीने पागा, कुरणे व नामवंत घोड्यांची थडगी पाहणे ही आज तेथील पर्यटनाची एक रुळलेली पद्धत आहे. पर्यटनाच्या अभ्यासात तिचा विचार बहुधा अर्थकारणाच्या अंगाने होतो. प्रस्तुत निबंधात तिच्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. वंशावळीत घोड्याची प्रत्येक पिढी नोंदवली जाते. मात्र त्याला वाढवणाऱ्या माणसांची नोंद होतेच असे नाही. ही उणीव सफरीच्या कथनातही उतरली काय आणि ती कधी व कशी भरून निघू लागली, हा येथे विचारात घेतलेला प्रश्न आहे.

गिऱ्हाईक ते पाहुणा

पैदास केंद्रात येणारा पहिला परका माणूस पर्यटक नव्हता, तो गिऱ्हाईक होता. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट अलेक्झांडर यांच्या वुडबर्न या केंद्रावर दरवर्षी शिंगरांची विक्री होत असे आणि त्यासाठी दूरदूरचे खरेदीदार येत. येथे असलेला 'लेक्सिंग्टन' नावाचा घोडा दृष्टी गमावलेला होता. तरीही तो १६ वेळा अमेरिकेतील अग्रगण्य पितृ-अश्व ठरला. अशा घोड्याला प्रत्यक्ष पाहणे हा सौद्याचाच एक भाग होता.

यादवी युद्धानंतर शर्यतींच्या व्यवसायातील भांडवल ईशान्येकडील राज्यांत एकवटले. ते पुन्हा केंटकीकडे वळावे यासाठी या प्रदेशाची एक विशिष्ट प्रतिमा घडवण्यात आली. स्तंभांचे पांढरे वाडे, आतिथ्यशील मालक, नम्र कृष्णवर्णीय सेवक आणि शांत कुरणे ही त्या प्रतिमेची अंगे होत. मेरीजीन वॉल यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रक्रियेची सविस्तर चिकित्सा केली आहे. सफरीला येणाऱ्या पर्यटकास जे चित्र 'जुने व नैसर्गिक' वाटते त्याचा बराचसा भाग असा हेतुपुरस्सर घडवलेला आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

मॅन ओ वॉर आणि विल हारबट

पर्यटकांचा खरा ओघ सुरू झाला तो 'मॅन ओ वॉर' या घोड्यामुळे. २९ मार्च १९१७ रोजी जन्मलेला हा घोडा १९१८ साली सॅराटोगा येथील लिलावात सॅम्युएल रिडल यांनी ५,००० डॉलरला विकत घेतला. २१ शर्यतींपैकी २० त्याने जिंकल्या. १९१९ साली सॅराटोगा येथे 'अपसेट' नावाच्या घोड्याकडून झालेला पराभव हा त्याचा एकमेव पराभव होय. निवृत्तीनंतर लेक्सिंग्टनजवळील फारअवे फार्मवर त्याला पाहण्यासाठी लोक येऊ लागले. पाहुण्यांच्या स्वाक्षऱ्यांसाठी तेथे नोंदवह्या ठेवलेल्या असत आणि भेट देणाऱ्यांची एकूण संख्या लाखांत मोजली जाते.

या लोकांना घोडा दाखवण्याचे काम १९३० च्या सुमारापासून विल हारबट हे आफ्रिकन-अमेरिकन मोतद्दार करीत. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांनी पैदास केंद्रांच्या सीमेवर लहान वस्त्या वसवल्या होत्या. त्यांपैकी मॅडॉक्सटाऊन या वस्तीत हारबट राहत. ते पागेचे दार उघडत, घोड्याला बाहेर आणत आणि त्याच्या शर्यतींची व संततीची कथा सांगत. वर्षानुवर्षे सांगितलेल्या या कथेला ठराविक लय आली होती, आणि ती ऐकण्यासाठी आलेल्यांत सामान्य कुटुंबांपासून थोरामोठ्यांपर्यंत सर्व असत. १९४१ साली 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर घोड्याबरोबर हारबटही झळकले.

हे यश निर्विवाद असले तरी त्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. त्या काळी केंटकीत १९०४ चा 'डे कायदा' अमलात होता. त्यानुसार कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र शिक्षण देण्यास बंदी होती. ज्या श्वेतवर्णीय पाहुण्याची मुले हारबट यांचे कथन मान वर करून ऐकत, त्यांच्या शाळेत हारबट यांच्या मुलांना प्रवेश नव्हता. वृत्तपत्रांनी त्यांचे बोलणे छापले ते मुद्दाम मोडक्यातोडक्या बोलीत. त्यामुळे हारबट यांच्याविषयीची लिखित साधने हाताळताना अभ्यासकाला एक अडचण जाणवते : त्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात ते दुसऱ्याने ठरवलेल्या वेषात. त्यांचे व्यावसायिक कौशल्य, घोड्याच्या स्वभावाची जाण आणि समोरच्या गर्दीवरची पकड या गोष्टी त्या वेषाआडून शोधून काढाव्या लागतात.

१९४६ साली आजारपणामुळे हारबट यांचे काम थांबले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. 'ब्लड-हॉर्स' या नियतकालिकाने त्यांची मृत्युवार्ता देताना पत्नी व मुलांच्या जोडीने मॅन ओ वॉरचाही उल्लेख मागे राहिलेल्यांत केला. महिना उलटण्यापूर्वीच, १ नोव्हेंबर १९४७ रोजी तो घोडाही गेला. त्याच्या शवावर मसाला भरून ते अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले आणि अंत्यविधी आकाशवाणीवरून प्रक्षेपित झाला.

एका जॉकीची कबर

१८७५ सालच्या पहिल्या केंटकी डर्बीत १५ जॉकींपैकी १३ आफ्रिकन-अमेरिकन होते. विजेत्या 'ॲरिस्टिडीज'चा जॉकी ऑलिव्हर लुईस आणि प्रशिक्षक ॲन्सेल विल्यमसन हे दोघेही त्याच समाजाचे होते. आयझॅक मर्फी यांनी १८८४, १८९० व १८९१ अशी तीन वेळा डर्बी जिंकली. जिमी विंकफील्ड यांनी १९०१ व १९०२ साली ती जिंकली; त्यानंतर मात्र वर्णद्वेषाच्या वाढत्या दडपणाखाली हे जॉकी शर्यतींतून जवळपास हद्दपार झाले.

मर्फी यांचे निधन १८९६ साली झाले. लेक्सिंग्टनच्या 'आफ्रिकन सेमेटरी क्र. २' मधील त्यांची कबर पुढे विस्मृतीत गेली. बऱ्याच शोधानंतर ती सापडली आणि १९६७ साली त्यांचे अवशेष मॅन ओ वॉरच्या थडग्याशेजारी हलवण्यात आले. पुढे घोड्याचे थडगे व पुतळा १९७८ साली खुल्या झालेल्या 'केंटकी हॉर्स पार्क' या उद्यानात नेले गेले, तेव्हा मर्फी यांचीही कबर तेथे नेण्यात आली. ज्या घोड्याचा जन्मच मर्फी यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी झाला, त्याच्या सान्निध्यामुळे त्यांना पर्यटकांच्या नजरेत स्थान मिळाले. या घटनेत सन्मान आहे हे खरे. पण स्वतःच्या समाजाच्या स्मशानातून, आप्तस्वकीयांच्या सहवासातून त्यांना दूर नेले गेले, हेही तितकेच खरे आहे. स्मृती जपण्यासाठी तिला पर्यटनाच्या वाटेवर आणून ठेवावे लागते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

आजच्या सफरीचे स्वरूप

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक केंद्रांची दारे पूर्वीइतकी मोकळी राहिली नाहीत. यामागे घोड्यांच्या वाढत्या किमती हे एक मोठे कारण होते. १९७३ साली तिहेरी मुकुट जिंकणाऱ्या 'सेक्रेटेरियट'चे ३२ हिस्से प्रत्येकी १,९०,००० डॉलरला विकले गेले, म्हणजे त्याची एकूण किंमत ६० लाख डॉलरच्या वर गेली. अशा घोड्याजवळ अनोळखी माणसाला जाऊ देणे जोखमीचे ठरले. २०१४ साली अनेक केंद्रांनी एकत्र येऊन 'हॉर्स कंट्री' ही संस्था स्थापन केली. त्यानंतर पूर्वनोंदणी करून, शुल्क भरून आणि लहान गटाने पाहण्याची पद्धत रूढ झाली.

या सफरीत पर्यटकाला पितृ-अश्वांची पागा दाखवली जाते, तसेच संकराची जागाही दाखवली जाते. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन मान्य नाही. नोंदणीसाठी नैसर्गिक संकर आवश्यक असतो. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि उत्तर गोलार्धात सर्व शिंगरांचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी मानला जातो. म्हणूनच संकराचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. अखेरीस पर्यटक दफनभूमीत येतो. घोड्याचे केवळ डोके, हृदय व खूर पुरण्याची तेथील प्रथा आहे. संपूर्ण देह पुरणे हा विशेष सन्मान समजला जातो. पॅरिस गावाजवळील क्लेबोर्न फार्मवर १९८९ साली सेक्रेटेरियटला तो लाभला.

पर्यटक हे सारे कुतूहलाने ऐकतो. तथापि एक बदल त्याच्या ध्यानात येतोच असे नाही. हारबट यांच्या काळी घोड्याला खरारा करणारा माणूसच त्याची कथा सांगत असे. आज पागेतील कष्टाची कामे करणाऱ्यांत मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या स्पॅनिश भाषक कामगारांची संख्या मोठी आहे आणि कथन मात्र बहुधा दुसऱ्याकडे असते. हात एकाचे आणि वाणी दुसऱ्याची, अशी ही विभागणी झाली आहे.

निवृत्त घोड्यांचा प्रश्न

सफरीने दीर्घकाळ टाळलेला आणखी एक प्रश्न म्हणजे पैदाशीस निरुपयोगी ठरलेल्या घोड्याचे पुढे काय होते. १९८६ च्या डर्बीचा विजेता 'फर्डिनंड' १९९४ साली जपानला विकला गेला. २००२ साली तो कत्तलखान्यात गेल्याचे २००३ मध्ये उघडकीस आले आणि सर्वत्र हळहळ व संताप व्यक्त झाला. त्याच वर्षी मायकेल ब्लोवेन या माजी चित्रपट-समीक्षकाने 'ओल्ड फ्रेंड्स' ही संस्था सुरू केली. जॉर्जटाऊन येथील तिच्या कुरणांत वृद्ध घोडे ठेवले जातात आणि पर्यटकांच्या शुल्क-देणग्यांचा त्यांच्या खुराकाला हातभार लागतो. १९९७ च्या डर्बीचा विजेता 'सिल्व्हर चार्म' २०१४ साली जपानहून येथे परत आणला गेला.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने गेल्याचे दिसते. १९४६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या पूनावाला स्टड फार्ममधील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे लसद्रव्याच्या निर्मितीसाठी जात. त्या अनुभवातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना साकार झाली. तेथे वृद्ध घोड्याचा जीव रक्तद्रव्याच्या उपयोगावर टिकला, तर जॉर्जटाऊनमध्ये तो पाहुण्याच्या भेटीवर टिकला. ज्या घोड्यापासून कोणताही लाभ उरलेला नाही त्याला पाहण्यासाठी लोक पैसे देतात, ही गोष्ट वुडबर्नच्या लिलावाला आलेल्या खरेदीदाराला कदाचित समजलीही नसती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पैदास केंद्राची सफर ही केवळ करमणूक नसून एका प्रदेशाच्या स्मृतीची निवड होय. या निवडीत घोड्याचे नाव अग्रभागी राहिले, त्याला घडवणारी माणसे मागे पडली आणि त्याचे वार्धक्य नजरेआड गेले. मर्फी यांची कबर शोधणाऱ्यांनी व फर्डिनंडच्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्यांनी ही निवड काही अंशी बदलली. कथनात अशी दुरुस्ती करता येते, ही या इतिहासातील आशादायक बाब आहे.

मात्र ती पूर्ण झालेली नाही. हारबट यांना घोड्याच्या लगामाबरोबर कथाही हाती धरण्याची मुभा होती, मग ती कितीही मर्यादित असो. आज कुरणात राबणाऱ्या कामगाराला तीही क्वचितच मिळते. उद्याच्या अभ्यासकाने पाहुण्यांच्या नोंदवह्यांइतकेच या कामगारांच्या मौखिक आठवणींकडेही लक्ष द्यावे, आणि ते त्यांच्या हयातीतच द्यावे. कारण मर्फी यांच्या कबरीप्रमाणे प्रत्येक हरवलेली खूण पुन्हा सापडेलच असे नाही.