कलमांनी हद्दपार केलेले विद्यापीठ

२८ मार्च २०१७ रोजी हंगेरीच्या संसदेत उच्चशिक्षण कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले. ४ एप्रिलला, म्हणजे अवघ्या आठवड्याभरात, ते संमतही झाले.

विधेयकात कोणत्याही विद्यापीठाचे नाव नव्हते. परदेशी पदवी देणाऱ्या संस्थेचे मूळ देशात प्रत्यक्ष अध्यापन चालू असावे आणि त्या देशाशी हंगेरीचा करार झालेला असावा, अशा त्यातील मुख्य अटी. तरीही लोकांनी त्याला ‘लेक्स सीईयू’ म्हटले. लेक्स म्हणजे लॅटिनमध्ये कायदा, आणि सीईयू म्हणजे सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी.

साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर मध्य युरोपात इतिहास, राज्यशास्त्र, कायदा हे विषय मोकळेपणाने शिकवले जावेत, म्हणून जॉर्ज सोरोस यांच्या देणगीतून १९९१ साली हे विद्यापीठ उभे राहिले. त्याची नोंदणी अमेरिकेतली, वर्ग मात्र बुडापेस्टमध्ये. अटीचा बाण नेमका तिथेच लागत होता. (२०१७ साली पंतप्रधान असलेले व्हिक्टर ओर्बान तरुणपणी, १९८९ साली, ऑक्सफर्डला गेले ते सोरोस यांच्याच शिष्यवृत्तीवर!)

हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. विद्यापीठाने न्यूयॉर्क राज्यातील बार्ड महाविद्यालयाच्या साहाय्याने तिथे अध्यापन सुरू केले. न्यूयॉर्कशी करायच्या कराराचा मसुदाही तयार झाला, पण हंगेरीची सही काही झाली नाही. गंमत अशी, की मेरीलँड राज्यातील मॅक्डॅनियल महाविद्यालयाची शाखाही बुडापेस्टमध्येच होती, आणि त्याच कायद्याखाली मेरीलँडशी करार विनासायास झाला. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा हाच. कायदा सर्वांना सारखा होता; लेखणी कोणासाठी उचलायची, हे तेवढे सरकारच्या मर्जीवर होते.

याच काळात इतर संस्थांवरही हात पडत होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये लिंगभाव अभ्यासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मान्यता सरकारी आदेशाने काढून घेण्यात आली. पुढच्या वर्षी हंगेरीच्या विज्ञान अकादमीच्या संशोधन संस्था तिच्याकडून काढून नव्या व्यवस्थेकडे सोपवल्या गेल्या. यासाठी ना प्राध्यापकांना तुरुंगात टाकावे लागले, ना ग्रंथालयाला टाळे ठोकावे लागले. संसदेतील दोन तृतीयांश बहुमत आणि राजपत्र पुरेसे ठरले.

मुदत संपत आली तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, विद्यापीठाने व्हिएन्नाला जाण्याचे जाहीर केले. २०१९ च्या शरदात तिथे वर्ग भरू लागले.

युरोपीय आयोगाने हंगेरीवर दावा गुदरला होता. ६ ऑक्टोबर २०२० रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला : या अटी संघाच्या कायद्याशी आणि मूलभूत हक्कांच्या सनदेतील शैक्षणिक स्वातंत्र्याशी विसंगत आहेत. त्या दिवशी व्हिएन्नात विद्यापीठाचे दुसरे शैक्षणिक वर्ष सुरू झालेले होते.