माथेरानला आहे तरी काय?

लाल धूळ, माकडं आणि एकासारखे एक पॉइंट. माथेरानबद्दलची ही तक्रार दर सुट्टीत ऐकू येते. खरं तर हा डोंगर पॉइंट मोजायला वसवलेलाच नव्हता.

मे १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून वर चढले. धनगर, ठाकर, कातकऱ्यांना हे रान आधीपासून ठाऊक होतं; ‘शोध’ लागला तो साहेबाला. मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या गोऱ्यांना जवळपास सावली हवी होती, ती इथे सुमारे ८०० मीटरवर सापडली. मॅलेटने बंगला बांधला. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनलाही जागा आवडली आणि मागोमाग पारशी, बोहरी धनिकांचे बंगले उभे राहिले.

गर्दीला वाट करून दिली ती छोट्या गाडीने. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून नेरळहून दोन फुटी रूळ टाकले. १९०७मध्ये गाडी धावू लागली. जेमतेम वीस किलोमीटरला ती आजही दोन तासांहून अधिक घेते. घाई असलेल्याने टॅक्सीने दस्तुरी नाका गाठावा.

तिथून पुढे खासगी मोटारींना बंदी! २००३मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, ते उत्तमच झालं. रविवारच्या बाजारपेठेत माथेरान फुगवलेलं वाटतं, हे मान्य. पण आठवड्याच्या मधल्या वारी पॅनोरमा पॉइंटपर्यंत पायी जाणाऱ्याची ही तक्रार फारशी टिकत नाही. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची शटल मात्र चालते.