जुना बागेतला ट्रॅक्टर : साल व अस्सलपणाची पारख

संत्र्याच्या बागेत वापरलेल्या लहान ट्रॅक्टरचे बांधणीचे साल ठरवणे आणि त्यातले किती भाग कारखान्यातून निघाले तेच आहेत हे तपासणे. मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर या मराठी बोलणाऱ्या तालुक्यांत (२०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे निघून पांढुर्णा जिल्हा झाला) ही पारख सौद्याच्या वेळी, वावरातच होते.

संत्र्याची झाडे साधारण ६ × ६ मीटरवर लावतात. झाड भरले की मधली वाट आखडते आणि मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडतो, फळ पाडतो. म्हणून बागेत ‘मिनी’ शिरला. मित्सुबिशीच्या सहकार्याने बंगळूरच्या व्हीएसटी टिलर्सने १९८०च्या दशकात आणलेला एमटी १८० डी (१८.५ अश्वशक्ती, तीन सिलिंडर) हा त्यातला ओळखीचा. त्याआधी लहान ट्रॅक्टर म्हणजे हवेने थंड होणाऱ्या एका सिलिंडरचा आयशर, एचएमटीचा झेटर २५११ किंवा १९७४ पासूनचा स्वराज ७२४. इंटरनॅशनलचा ३५ अश्वशक्तीचा बी-२७५ त्यांच्यापेक्षा थोराड.

आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) क्रमांक वय सांगत नाही. आजची पद्धत १ जुलै १९८९ पासूनची. एमपी २८ म्हणजे छिंदवाडा, एमएच ३१ म्हणजे नागपूर. सीमेपलीकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन आलेल्या जुन्या ट्रॅक्टरला नवा क्रमांक मिळतो, पण बांधणीचे साल आणि चेसिस नंबर बदलत नाहीत. आरसीवर वाचायचे ते हेच दोन.

ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चेसिस सहसा नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना बोल्टांनी जोडूनच सांगाडा होतो, आणि चेसिस नंबर त्या ओतीव घरावर ठोकलेला असतो. जागा कंपनीगणिक वेगळी. तेलाचा थर डिझेलने धुवावा, पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासावी. नंबर कागदावर उमटतो. अंक एका रेषेत, सारख्या खोलीचे हवेत. आजूबाजूचे लोखंड घासून गुळगुळीत केलेले दिसले, तर सौदा तिथेच थांबवावा. रिबिटांनी बसवलेली पत्र्याची पाटी दुसऱ्या ट्रॅक्टरवरून येऊ शकते, ओतीव घर सहजी येत नाही. इंजिनचा नंबर पाटीवरच्यापेक्षा वेगळा निघाला तर इंजिन बदललेले आहे; तो बदल आरसीवर चढलेला असेल तर त्यात खोट नाही.

कंपन्यांची नावे बदलत गेली, त्यातूनही साल अडकवता येते. बी-२७५ १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाने काढला. ती १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. डिझेल पंपाच्या पाटीवर ‘बॉश लिमिटेड’ असेल तर पंप २००८ किंवा त्यानंतरचा, कारण त्याआधी ती कंपनी मायको होती. १९९०च्या ट्रॅक्टरवर असा पंप दिसला तर तो मागाहून बसवलेला. बोल्टही बोलतात. बी-२७५चा आराखडा ब्रिटिश, म्हणून त्याला इंची पाने लागतात. झेटर चेकोस्लोव्हाकियाचा, त्याला मिलिमीटरचे. इंची जागी १७चा पाना चपखल बसला तर तिथे कोणाचा तरी हात फिरला आहे.

रंगावर विश्वास ठेवू नये. मूळ रंग शोधायचा तो टाकीच्या बुडाशी, बॅटरीच्या पेटीमागे, पाटीच्या खाली.

‘ओरिजिनल’ या शब्दाचे बाजारात दोन अर्थ चालतात : ट्रॅक्टरबरोबर जन्मलेला भाग, आणि कंपनीच्या डब्यातून आलेला नवा भाग. विकणारा बहुधा दुसरा अर्थ धरतो. साल ठरवायला फक्त पहिला उपयोगी.

अमेरिकेत १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने आणलेले कब कॅडेट हे घरबागेचे ट्रॅक्टर आज संग्राहक जपतात. बी-२७५ही मूळ त्याच घराण्याचा. तिथे कारखान्यातून निघाला तसा ट्रॅक्टर मोलाचा. इथला ट्रॅक्टर कामाचा आहे. फांद्यांना लागू नये म्हणून आडवा वळवलेला सायलेन्सर, ओरखड्यांनी पांढरे पडलेले मडगार्ड, खोलून बांधलेले इंजिन यांना दोष म्हणणे चूक. असे बदल ‘बागेतले बदल’ म्हणून वेगळे नोंदवावेत. वळवलेल्या नळीवर जुनी वेल्डिंग आणि तिच्यावर बसलेला गंज दिसला, तर तो ट्रॅक्टर बरीच वर्षे खरोखर बागेतच राबला, याची ती चांगली खूण असते.