चोपडीतला पलटणवाला



दशलक्षण पर्वाआधी माळा आवरताना आजेसासऱ्यांची सावकारीची चोपडी सापडली. तिच्या पानांत एका पोराचा फोटो होता. अंगात खाकी, पितळी बटणं, मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मिसरूडही धड फुटलेलं नाही. सासूबाई ओलं फडकं घेऊन आल्या, तशी मी ओरडलेच. अशा जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, पाण्याने तो फुगतो आणि चेहराच सुटून येतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, कडेला धरायचं, एवढंच.

भिंगातून टोपीवरचा बिल्ला पाहिला. कोरेगावचा स्तंभ! म्हणजे पोरगा महार रेजिमेंटचा.

इंग्रजांनी 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभारली, आणि गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडूनही टाकली. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार होते, त्यामुळे ही सल त्यांच्या घरातलीच. त्यांनी भरतीची मागणी लावून धरली. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली आणि 1942 मध्ये दुसरी बटालियन आपल्या कामठीला. तिवस्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की कामठी काही लांब नाही. गावच्या विहिरीवर ज्याला पाणी भरू देत नव्हते, तो इथे पायात बूट घालून ताठ उभा आहे.

धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, अहिंसेच्या घरात शिपायाचा फोटो कशाला? श्रावकाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे, विरोधी हिंसेचा विचार शास्त्रात वेगळा केलाय, असं मी त्यांना सांगितलं. पण मला टोचत होती ती चोपडी. फोटो होता त्या पानावर रक्कम आहे, व्याज आहे, मिती आहे. नावाच्या जागी नुसतं ‘पलटणवाला’.

सासूबाईंनी फोटो बराच वेळ निरखला. डाव्या भुवईवर व्रण आहे, तो त्यांनाच आधी दिसला. म्हणाल्या, “कोन्या मायचा लेकरू हाय वं हा. ज्याचा त्याच्या घरी नेऊन दे.”

क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विहाराकडे निघालो. तिथल्या म्हाताऱ्या बायांना तो व्रण आठवेल, असं सासूबाईंना वाटतं. फोटो मी कोऱ्या कागदात गुंडाळला होता. उंबऱ्यावरून त्या परत फिरल्या आणि चोपडीही पदराखाली घेऊन आल्या.