जड खाली, हलके वर

पनवेलला बोज्याचे अप्रूप नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी आमच्या बंदराला येऊ लागला. इम्पीरियल गॅझेटियरमध्ये इथला मुख्य धंदा म्हणून गाडीची चाके बनवण्याची नोंद आहे. देशावरचा गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊनच जाई. पुढे १८६३ मध्ये घाटातली रेल्वे पूर्ण झाली ती कर्जतवरून, आणि पनवेलचा व्यापार ओसरला. आता बोजा परत आलाय. जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचे एनएम१ हे डेटा सेंटर इथे सुरू झाले, ७२०० रॅकच्या क्षमतेचे. अशा रॅकमध्ये स्विच, राउटर चढवणे हे माझे काम.

रॅकची १९ इंची रुंदी आली टेलिफोनवाल्यांकडून. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९२० च्या दशकात रिले बसवायच्या लोखंडी चौकटींचे माप ठरवून टाकले. उंचीचा एक ‘यू’ म्हणजे पावणेदोन इंच, तोही तिथलाच. मुंबईच्या जुन्या स्ट्रोजर टेलिफोन एक्स्चेंजमधल्या चौकटी माणसाच्या डोक्यावर चांगल्याच उंच जात. त्या वरून लोखंडी पट्ट्यांनी एकमेकींना जखडलेल्या असत, त्यामुळे कलंडायची भीती कमी. आजचा ४२ यूचा रॅक पुष्कळदा सुटा येतो. म्हणून आधी तो लेव्हल करायचा, जमिनीला बोल्टने आवळायचा, अर्थिंग द्यायचे. यंत्राचे खोके त्यानंतर उघडायचे.

बॅटरी आणि जड यूपीएस तळाला. मोठ्या स्विचची चॅसिस भरलेली कधी उचलायची नाही. पॉवर सप्लाय, पंखे, कार्डे काढून ती रिकामी करायची आणि यंत्र उचलायच्या लिफ्टवर घ्यायची. पॉवर सप्लायची मूठ हाताला सोयीची वाटते, पण ती फक्त तो ओढून काढण्यापुरती. तिला धरून चॅसिस उचलली तर मूठ हातात आणि यंत्र पायावर. दोघांनी दोन्ही बाजूंनी सांभाळायचे, तिसऱ्याने स्क्रू लावायचे. स्क्रूसाठीचे केज नट आधीच मोजून बसवलेले हवेत. यंत्र हवेत धरून भोके शोधायची नाहीत. सरकत्या रेलवरचे यंत्र एका वेळी एकच बाहेर ओढायचे, कारण दोन ओढली की सगळा भार पुढे येतो आणि न आवळलेला रॅक तोंडावर पडतो.

हे सगळे मॅन्युअलमध्ये छापलेले आहे. तरी रात्रीच्या शिफ्टला लिफ्ट येत नाही, आणि ठेकेदार म्हणतो, “चार पोरं आहेत ना, उचला!” त्या पोरांना माझे सांगणे एवढेच: लिफ्ट आल्याशिवाय हात लावू नका. उशिराचा दंड ठेकेदार भरेल, मोडलेली कंबर मात्र तुमची तुम्हालाच भरावी लागेल.