फॉस्फोविशिष्ट प्रतिपिंडे
प्रथिनाच्या रेणूतील ठराविक ॲमिनो अम्लाला फॉस्फेट गट जोडलेला असतानाच त्या प्रथिनाशी बद्ध होणारी प्रतिपिंडे. कोशिकेतील एंझाइमे सेरीन, थ्रिओनीन व टायरोसीन या ॲमिनो अम्लांना फॉस्फेट गट जोडून किंवा त्यांवरील गट काढून अनेक प्रथिनांच्या कार्याचे नियंत्रण करतात. हा बदल अल्प असतो. उदा., स्टॅट-१ या प्रथिनाचा रेणुभार सु. ९१,००० असून एका फॉस्फेट गटामुळे त्यात सु. ८० ची भर पडते. सर्वसाधारण प्रतिपिंडावरून प्रथिनाची एकूण राशी समजते. तिच्यापैकी किती भाग कार्यप्रवृत्त झाला आहे, हे समजत नाही.

इतिहास : लहान रासायनिक गट प्रथिनाला जोडून प्राण्यास टोचल्यास त्या गटापुरती विशिष्ट प्रतिपिंडे तयार होतात, हे कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखविले. एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांनी १९५५ मध्ये फॉस्फोरिलेज या एंझाइमाचे नियंत्रण फॉस्फेट गटामुळे होते, हे सिद्ध केले (नोबेल पारितोषिक, १९९२). मात्र असा गट शोधण्यासाठी दीर्घकाळ मुख्यतः किरणोत्सर्गी फॉस्फरसावर अवलंबून राहावे लागे. टोनी हंटर व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७९ मध्ये टायरोसिनाचे फॉस्फोरिलीकरण आढळले. अलोन्झो रॉस, डेव्हिड बॉल्टिमोर व हर्मन आयझेन यांनी १९८१ मध्ये फॉस्फोटायरोसीन ओळखणारी प्रतिपिंडे वापरून तशी प्रथिने वेगळी केली. परंतु केवळ या प्रतिपिंडांवरून प्रथिन कोणते, हे ठरत नसे. अँगस नेर्न, पॉल ग्रीनगार्ड व सहकारी यांनी १९८२ मध्ये अनुमस्तिष्कातील एकाच प्रथिनाच्या फॉस्फेटयुक्त व फॉस्फेटरहित रूपांतील भेद ओळखणारी रक्तरसातील प्रतिपिंडे वर्णिली. पुढे संपूर्ण प्रथिनाऐवजी संश्लेषित फॉस्फोपेप्टाइडे वापरण्याची पद्धत रूढ झाली.

निर्मिती : फॉस्फेटयुक्त लहान पेप्टाइड वाहक प्रथिनाला जोडून बहुधा सशास टोचतात. सशाच्या अनेक कोशिकावंशांपासून निघालेल्या प्रतिपिंडांचे मिश्रण रक्तरसात असते. म्हणून त्यांना पॉलिक्लोनल म्हणतात. त्यांतील काही फॉस्फेटरहित रूपालाही चिकटतात. यास्तव रक्तरस प्रथम फॉस्फोपेप्टाइड बसविलेल्या स्तंभातून नेऊन बद्ध झालेली प्रतिपिंडे मिळवितात व नंतर ती फॉस्फेटरहित पेप्टाइडाच्या स्तंभातून नेऊन अविशिष्ट भाग काढून टाकतात.

उपयोग व मर्यादा : गॅमा इंटरफेरॉनाच्या क्रियेने स्टॅट-१ मधील ७०१ व्या टायरोसिनाला फॉस्फेट जोडला जातो व ते प्रथिन केंद्रकात जाऊन जनुके कार्यान्वित करते. हा संदेश पोहोचला की नाही, हे अशा प्रतिपिंडाने कळते. नमुन्यातील फॉस्फेट गट फॉस्फेटेज एंझाइमाने काढल्यावर संकेत नाहीसा झाला पाहिजे. अन्यथा निष्कर्ष विश्वसनीय ठरत नाही. प्रत्येक सशाचा रक्तरस निराळा असतो आणि ससा मरण पावल्यावर तंतोतंत तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. या कारणाने जुने प्रयोग पडताळणे कठीण होते. २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी जनुकीय क्रम ज्ञात असलेली पुनःसंयोजित प्रतिपिंडे वापरण्याचे आवाहन केले.