जीव घाबराघुबरा होतो

हाउसमन म्हणून माझा तो पहिलाच आठवडा. चौदा नंबर कॉटवरच्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, जीव घाबराघुबरा होतो." मी केसपेपरवर 'पाल्पिटेशन्स' लिहून मोकळी झाले. सकाळच्या राउंडला सरांनी एवढंच विचारलं, "आजी नेमकं काय म्हणाल्या?" मग त्यांच्या उशाशी बसून पुन्हा विचारलं. आडवं झालं की दम कोंडतो, रात्री उठून बसावं लागतं, असं निघालं. हृदय थकलं होतं आणि फुप्फुसांत पाणी साठत होतं. आजींनी सगळं सांगितलं होतं, मीच ते इंग्रजीत ऐकलं.

रुग्णाची भाषा एक आणि डॉक्टरची दुसरी, हा प्रश्न मुंबईत फार जुना आहे. 1826 मध्ये डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखाली एक वैद्यकशाळा निघाली. तिथे देशी भाषांतून शिकवत. ती 1832 मध्ये बंद पडली. मग गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या कॉलेजचा विषय लावून धरला; पण 1838 मध्ये ते दापोडीला वारले आणि कॉलेजला नाव तेवढं त्यांचं लागलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी इस्पितळासाठी लाख रुपये दिले. 3 जानेवारी 1843 ला कोनशिला बसली आणि 1845 मध्ये भायखळ्याला कॉलेज आणि जे. जे. इस्पितळ शेजारी शेजारी सुरू झाली. मला यातलं 'शेजारी शेजारी' सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वर्गातून उठायचं आणि वॉर्डात जायचं.

कॉलेजचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड. शिक्षण एडिंबरोचं, पुढे पॅरिसला पिएर लुई यांच्याकडे. लुई यांचा खाक्या असा, की अंदाज नकोत, खाटेजवळ उभं राहून दिसेल ते टिपा, मग मोजा. मोरहेड यांनी तीच शिस्त इथे आणली. 1856 मध्ये हिंदुस्थानातल्या रोगांवर त्यांचं दोन खंडी पुस्तक निघालं. त्याच्या मुळाशी जे. जे.मधल्या रुग्णांच्या अशा नोंदी आहेत.

या नव्या कॉलेजात शिकवणं इंग्रजीत होतं. पण खाटेवरचा माणूस मराठी, गुजराती नाही तर हिंदुस्तानीत कण्हत होता. म्हणजे प्रोफेसर आणि रुग्ण यांच्यामध्ये उभा राहणार तो विद्यार्थीच. आत्माराम पांडुरंग त्या पहिल्या विद्यार्थ्यांतले. भाऊ दाजी लाडही त्यांतलेच. 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत ते होते. मूळचे गोव्याचे. पुढे ते महारोगावर औषध शोधत राहिले आणि फावल्या वेळात जुने शिलालेख वाचत बसले. पुसट अक्षरांवरून मजकूर लावायचा सराव त्यांना वॉर्डातच झाला असेल, असं मला उगाच वाटतं. पुरावा विचारू नका.

त्या मुलांनी 'कळ' आणि 'ठणका', 'चमक' आणि 'आग' यांतला फरक इंग्रजीत कसा पोचवला असेल? मला तर आमच्या वॉर्डातल्या मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयनी, शिकवलं. सातारकडचा म्हातारा 'पोटात डचमळतंय' म्हणाला, की मी पुस्तक आठवायच्या आत मामा ट्रे घेऊन हजर. परीक्षेत मामांना कुणी बसवलं नाही.

चौदा नंबरच्या आजी दहाव्या दिवशी घरी गेल्या. केसपेपरवरचा माझा शब्द खोडून सरांनी वर देवनागरीत लिहिलं होतं, 'आडवं झालं की दम कोंडतो'. त्यापुढे त्यांची सही.